दार्दोचा चिमटा

आमच्या ब्युनोस आयर्समध्ये न्हाव्यांपेक्षा मानसोपचारतज्ज्ञ जास्त, तरी माझ्या खाटीक नवऱ्यानं त्यांची पायरी चढायला आमचा मुलगा मरावा लागला. दार्दो गेल्यापासून ह्यांनी घरात त्याचं नाव घेतलं नव्हतं, रविवारची मांस भाजायची शेगडी पेटवली नव्हती. आज पेटवली. दार्दोचा चिमटा खिळ्यावरून काढून हातात घेतला. माझा भाऊ फिदीफिदी हसला, "दाजी, ती बाई पैसे घेऊन नुसतं ऐकते म्हणे? मी फुकट ऐकतो!" "तिच्याकडे ऐकायचा परवाना आहे, तुझ्याकडे नुसतं तोंड!" हे कडाडले. "ती गोळ्या देत नाही, सल्ला देत नाही. आधी मी गप्प बसायचो, तीही बसायची. मग रडलो. मग बोललो." मांस वाढलं. रिवाजाप्रमाणे भाजणाऱ्यासाठी टाळ्या सुरू झाल्या. ह्यांनी चिमटा उंचावला. "मी नुसता खाटीक. भाजणारा माझा दार्दो. त्याच्यासाठी वाजवा!" माझे तळहात अजून चुरचुरताहेत.