रानडुकराला चालेल का?

"अण्णा, रानडुकराला हे चालेल का?" हिंदुरावांनी सासऱ्यांचं जुनं मॅग्नम रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. ऊस नासवणारं डुक्कर मारायचा परवाना त्यांना कालच मिळाला होता.

नरसूअण्णांनी तरुणपणी पुष्कळ शिकार केली होती, पण ती रायफलीने. रिव्हॉल्व्हर त्यांनी कधी झाडलं नव्हतं. तरी पंचक्रोशीत शिकारीच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा, त्यामुळे 'मला ठाऊक नाही' हे काही ओठांवर येईना. त्यांनी चक्र फिरवलं, नळीत डोकावून पाहिलं.

"डुकराचं काय घेऊन बसलास? हत्ती आडवा होईल."

आठवड्याने अण्णा हिंदुरावांना बघायला इस्पितळात गेले. गोळी लागूनही डुक्कर थांबलं नव्हतं. त्याच्या सुळ्याने हिंदुरावांची मांडी फाडली होती.

"तुम्ही नको म्हणाला होतात, तरी यांनी ऐकलं नाही," चहाचा कप हातात देत हिंदुरावांची बायको म्हणाली. "शुद्धीवर आल्यापासून स्वतःच सगळ्यांना सांगताहेत."

अण्णांनी पाहिलं, तसे हिंदुरावांनी हळूच डोळे मिटून घेतले.

खरं सांगायला अण्णांनी तोंड उघडलं. "ऐकायला हवं होतं त्याने," असं स्वतःच्याच तोंडून ऐकलं, आणि खाली गेलेली मान खोलीबाहेर पडेपर्यंत वर झाली नाही.