तेल कुणाचं?

झीगेन शहरातल्या पोलाद कारखान्यात पत्रा लाटणाऱ्या वेंडेलिनने चार वर्षं खटपट करून एक तेल जमवलं होतं. शेवटच्या रोलरांना ते लावलं की पातळ पत्र्यावर एकही ओरखडा उठत नसे. इंजिनिअर राऊहसाहेबांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं, बक्षीस घेतलं आणि वेंडेलिनची रवानगी गोदामात केली.

"आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?" बायको गेरलिंडे कडाडली.

"त्याने तेल चोरलंय," वेंडेलिन म्हणाला, "ते कुठे लावायचं नाही, हे चोरायचं राहिलंय."

मे महिन्यात मोठी गिऱ्हाइकं आली. त्यांच्यासमोर मिरवायला राऊहसाहेबांनी पहिल्या रोलरांनाही तेच तेल चोपडायला लावलं. पोलादाची लालबुंद जाड लादी रोलरांना भिडली आणि तिथेच अडली. रोलर गरागरा फिरत होते, पण इतके बुळबुळीत झाले होते की लादी काही केल्या पकडीत येईना. पाहुणे घड्याळं बघू लागले. मालकीण ओव्हरबेकबाईंनी वेंडेलिनला गोदामातून बोलावून घेतलं.

तो हाताची घडी घालून उभा राहिला. "मला काय कळतंय, साहेब? शोध तुमचा."

राऊहसाहेब घामाघूम होऊन ओरडले, "अहो, नाटकं पुरे! तेल तुम्ही बनवलंय ना? मग तुम्हीच सांगा काय करायचं ते!"



वेंडेलिन सावकाश मालकिणीकडे वळला. "ऐकलंत ना, बाई?"