कोपऱ्यातला बाक

"इथं सही करा," म्हणत बाईंनी कागद पुढे सरकवला. मुलीची रवानगी मागे पडलेल्यांच्या तुकडीत करायची होती आणि त्याला आईची सही लागत होती.

आई बस चालवायची. कामाची पाळी संपवून ती गणवेशातच थेट शाळेत आली होती, आणि तिचं डोकं तापलं होतं. घरी धडाधड गणितं सोडवणारी पोर इथं मठ्ठ कशी, हे तिनं तीनदा विचारलं. बाईंनी तिन्ही वेळा एकच सांगितलं, की ती वर्गात झोपते.

वर्गही बघण्यासारखाच होता. गेल्या वर्षी मुलं गारठतात म्हणून पालकांनी ओरड केली, तर शाळेनं खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या मारून हात झटकले. वारा यायचा तो एका दारातून. दाराशी बाईंची खुर्ची, मग हुशार मुलं, आणि जसे मार्क कमी तसा बाक मागे. ही पार शेवटच्या कोपऱ्यात, हीटरला खेटून. पंचेचाळीस मुलांनी सोडलेला श्वास तिथं साचायचा, पण त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

"थंडीत खिडक्या लावल्या की माझी अर्धी बस पेंगते," आई म्हणाली. "त्यांना मी मठ्ठ म्हणत नाही, काच चार बोटं सरकवते. बाई, तुम्ही एक तास तिच्या बाकावर बसा. जाग्या राहिलात तर करते सही."

बाईंचा पारा चढला. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुणी बाकावर बसवावं? पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सुट्टीनंतरचा इतिहासाचा तास दुसऱ्या सरांचा होता. आईला बाहेर थांबवून बाई तरातरा मागे गेल्या आणि मुलीशेजारी ताठ बसल्या. दहा मिनिटं त्या डोळे वटारून फळ्याकडे बघत होत्या. मग डोकं जड व्हायला लागलं. सर कुठल्या लढाईवर आलेत, ते त्यांना कळेना.

कुणीतरी कोपरानं ढोसलं तेव्हा बाई दचकल्या. हनुवटी छातीला टेकली होती. मुलगी हसत नव्हती. सरांना दिसू नये म्हणून तिनं दोघींच्या पुढे पुस्तक उभं धरलं होतं.

"बाई, मांडीला चिमटे काढत राहायचं," ती कुजबुजली. "मी रोज काढते. तरी कधी कधी डोळा लागतोच."