ओला टॉवेल

सामान वर चढवतानाच शेजारच्या घड्याळजी काकांनी मला जिन्यात गाठलं. “पोरी, या शहरात कुणाला कुणाची पडलेली नसते. रोज अंघोळ झाली की टॉवेल गॅलरीत टाकायचा. मी तुझा बघेन, तू माझा बघ. दिसला नाही तर दार ठोठावायचं.” मला हसू आलं, पण तापाने फणफणले तेव्हा तेच धावून आले. पुढे शिलाईच्या कारखान्यात डबल पाळी लागली. घाईत निघताना त्यांचा निळा टॉवेल दिसायचा आणि मी निर्धास्त जिना उतरायचे. एके सकाळी टॉवेलला सहज हात लागला. वाळून लाकडासारखा कडक झाला होता. दार फोडावं लागलं. काकांना जाऊन चार दिवस झाले होते. महिन्याने त्या खोलीत नवी मुलगी आली. तिला मी जिन्यातच सांगितलं, “पोरी, माझा टॉवेल नुसता बघू नकोस, हात लावून बघ.”