नावाची हाक

सकाळी हर्नियाचं ऑपरेशन, दिवेलागणीला घरी, असं नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत नेताना सिस्टरनं सरूबाईची जोडवी साबण लावून काढली आणि तिच्या नवऱ्याच्या, सावळेरामच्या, हाती दिली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सरूबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त लग्नातल्या उखाण्यात. एरवी नुसतं 'अवो'. गाव त्याला 'आबा' म्हणायचं. आई गेल्यापासून नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नव्हतं. दुपारी पडद्याआडून, उतरत्या भुलीतून आवाज आला, "सावळेराम! आरं सावळेराम, कुठं हाईस?" त्यानं जोडवी मुठीत घट्ट आवळली. "आबा, ओ द्या की!" सिस्टर म्हणाली. "आजींना बोलतं ठेवायचंय आता." पडद्याला कान लावून सावळेराम तसाच उभा राहिला. "थांबा जरा, बाई," तो पुटपुटला. "अजून एकदा मारू द्या हाक. शुद्धीवर आली की मी परत नुसता 'अवो'."