नैरोबी ते सांताक्रूझ

मंगळवारी रात्री शिवाने शाळेतून मागून आणलेला पृथ्वीचा गोल ओसरीवर ठेवला, नैरोबीवर अंगठा दाबला आणि मुंबईपर्यंत दोरा ताणला.

"आता खंय आसतलो?" तुळसाने विचारले.

"एडनाक. थंय इमान तेल घेता. फाटेक सांताक्रूझाक उतरतलो."

एवढा थोरला समुद्र एका रात्रीत, आणि सांताक्रूझ ते त्यांचे गाव इन्सुली, गोलावर नखाएवढे अंतर, त्याला एस्टीची दिवसरात्र मोडायची. तुळसाला या हिशेबाचा रागच येई.

गुरुदास त्यांचा एकुलता मुलगा, नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात होता. बहिणीच्या, आनंदीच्या लग्नासाठी तो मंगळवारी दुपारी विमानात बसणार होता. गुरुवारी मुहूर्त. होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावाने. तुळसाला तो हात गुरुदासचाच हवा होता. कितीतरी वर्षांत तिने त्याला पाहिले नव्हते.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात. आनंदी नाकीडोळी नीटस, तरी दोनदा ठरलेले लग्न लांबले होते, एकदा तर ऐनवेळी मृत्यूची बातमी कानावर आली आणि घरात सुतक लागले म्हणून. आता तारीख हलली तर आम्ही दुसरीकडे बघू, असे व्याह्यांनी बजावले होते.

त्यात शिवाचे एकेक. सोमवारी बांद्याच्या बाजारातून, पोस्टात डोकावून आला तो गुडघा धरूनच. पाटावर बसवत नाही म्हणाला, म्हणून बुधवारी देवक धाकट्या भावाने, परशुरामाने बसवले. कन्यादानही त्यानेच करावे म्हणाला. देवघराकडे तर फिरकलाच नाही. गोलापुढे मांडी घालताना मात्र गुडघा बरा असे. पोटच्या पोरीचे लग्न आणि हा बाबा विमाने मोजत बसलाय! तुळसा मनातून जळत होती, पण घर पाहुण्यांनी भरलेले, बोलणार काय?

तिने देव पाण्यात घातले. गुरुवारी सकाळपासून प्रत्येक एस्टीला रस्त्यावर धावली. उतरले ते सगळे परके. परत यावे तर शिवा दोरा ताणून बसलेला. समोरून वारा असला की विमान मागे पडते म्हणाला, मग म्हणाला, एडनलाच अडकले असेल.

मुहूर्त जवळ आला तशी ती त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "वायच थांबूया मां. पुढच्या गाडयेन येयत तो."

"मुहूर्त चुकवू नको," शिवा गोलावरून नजर न काढता म्हणाला. "लाह्यो परशुरामाचो झील घालतलो."

पुतण्याने लाह्या घातल्या. तुळसा बघत राहिली. तिच्या हातात काहीच नव्हते.

संध्याकाळी आनंदीला घेऊन वऱ्हाड निघाले. ट्रक वळणाआड जाईपर्यंत तुळसा खळ्यात उभी होती. आता पोरगा येईल आणि रिकामा मांडव बघेल, तेव्हा त्याला काय सांगायचे, याचाच तिला घोर लागला होता.

शिवा उठला तो तडक विहिरीवर गेला. नेसल्या कपड्यांनिशी त्याने डोक्यावर घागर ओतून घेतली आणि तसाच निथळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"गुरुदास सोमवारीच गेलो गो," तो म्हणाला. "आता रड."