सूतभर पाणी

“आपला हात जगन्नाथ” म्हणत त्याने बाथरूम स्वतःच उखडलं होतं. नव्या शॉवरखालचा खोलगट चौकोनही त्यानेच बांधला. मग प्लंबर मेहुण्याने सांगितल्याप्रमाणे त्याने पाणी जायचं भोक बुजवलं, चौकोनात चार बोटं पाणी भरलं आणि पाण्यालगत पेन्सिलने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेखाली गेलेलं दिसलं, की समजायचं गळती आहे.

सकाळी पाणी रेघेच्या सूतभर वर होतं. नळ तर अजून जोडलाच नव्हता.

त्याने मेहुण्याला फोन लावला.

“दाजी, पाणी कधी चढतं का?” मेहुणा हसला. “आत कुणी उभं नाही ना? माणूस उतरला की सूतभर चढतंच. स्वतः उतरून बघा.”

बायको रेघेपाशी वाकून बसली. “उतरा. किती चढतं ते मी बघते.”

त्याने पायजमा दुमडला आणि दोन्ही पाय पाण्यात ठेवले. पाणी बर्फासारखं गार होतं. ते जराही चढलं नाही, साधं हललंही नाही. घाबरून त्याने जोरात पाय आपटले. आवाज झाला नाही.

रेघेवरची नजर न काढता बायको म्हणाली, “अहो, उतरताय ना?”